तिकीट त्यांचं, पाय मुत्तय्याचे

तंजावूरला सून म्हणून आले त्याला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. एका संध्याकाळी दारात एक छत्रीवाले गृहस्थ उभे राहिले आणि नाव-गाव काही न सांगता त्यांनी मला विचारलं, "उत्तर घातलांत कां?"

मी सांगलीची. आमच्याकडे परका माणूस दारात आला तर आधी पाणी मागतो किंवा पत्ता विचारतो. मी गोंधळून आत पाहिलं. सासरे हसत बाहेर आले आणि म्हणाले, "या सेतुराव, बसा. आमची सून नवी आहे, तिला अजून तुमचा कायदा ठाऊक नाही."

सेतुराव तिन्नैवर बसले. तिन्नै म्हणजे दारालगतचा ओटा. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत प्रत्येक घराला एक होता आणि सेतुरावांची बसायची जागा प्रत्येक ओट्यावर ठरलेली होती. अंगाने काटकुळे, डोळ्यांवर दोऱ्याने बांधलेला चष्मा, उजव्या हाताचा अंगठा डिंकाने कायमचा चकचकीत. ते तंजावूरच्या मोठ्या पोस्टात परदेशी टपालाच्या खिडकीवर होते, आणि चार दिवसांपूर्वी माझ्या भावाचं ग्लासगोहून आलेलं पत्र त्यांच्या हातातून गेलं होतं.

"तुमचा भाऊ पत्र घातला," ते म्हणाले. "त्या तिकिटाचे पैसे कोणास मिळाले, सांगा पाहूं?"

"पोस्टाला."

"कोणत्या पोस्टास? तिकडच्या! अस्के पैसे त्यांसच. आमच्या देशास एक दमडी नाही. आणि पत्र तुमच्या दारास आणून कोण दिला? मुत्तय्या. वैशाखाचं ऊन, पायांत फाटकी वहाण. तिकीट त्यांचं, पाय मुत्तय्याचे! हा न्याय कां?"

मी म्हटलं, न्याय नाही. नव्या सुनेने दुसरं काय म्हणायचं?

"नव्हे, न्याय आहे!" सेतुराव एकदम खूश झाले. मी त्यांना हवी तशी फसले होते. "जुने शहाणे लोक बसून हा नियम केले. ते काय म्हणाले? पत्र आलं की उत्तर जाणारच. येतांना पाय आमचे, जातांना पाय त्यांचे. सरि, बरोबर होऊन जातं. पण उत्तरच घातलांत नाही, तर? तर मुत्तय्या फुकट चालला. आज चार दिवस तुमी त्यास फुकट चालविलां आहांत."

त्या रात्री जेवणाआधी मी भावाला उत्तर लिहिलं. पत्रात काय लिहिलं ते आठवत नाही, पण माहेरच्या आठवणीने नाही, मुत्तय्याच्या वहाणेच्या भीतीने लिहिलं हे नक्की.

पुढे कळलं की हे माझ्या एकटीच्या वाट्याला आलं नव्हतं. गावात परदेशी पाकीट आलं की आठवड्याभरात सेतुरावांची छत्री त्या दारात दिसायचीच. लोक त्यांना 'फॉरिन सेतुराव' म्हणत. ते स्वतः कुंभकोणमच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

त्यांच्या सवयी सांगाव्या तेवढ्या थोड्या. तिकिटाला जीभ त्यांनी आयुष्यात लावली नाही. तिकीट चिकटवलं की त्यावर अंगठा ठेवून मनात पाच आकडे म्हणत आणि मगच उचलत. तेवढ्यात कुणी बोललं तर पुन्हा एकपासून. कोणतीही वस्तू हातात आली की ते ती तळहातावर जरा उडवून बघत. लग्नातला लाडू, माझ्या मुलाचं बारशाचं कडं, भाजीवालीने दिलेली कोथिंबीर. वजन सांगत ते अर्ध्या तोळ्यापर्यंत बरोबर निघे. पुढे देशात ग्रॅम आले तेव्हा त्यांनी मोठ्या दुःखाने सांगितलं, "माझा हात तोळ्यांत शिकला आहे. या वयांत त्यास दुसऱ्या शाळेंत कसा घालूं?"

तिरुवैयारुला एक वृद्ध वीणावादक होते. त्यांना कुठल्याशा जर्मन बाईंनी पत्र पाठवून रागांविषयी सव्वीस प्रश्न विचारले. बुवांनी ते पत्र वीणेच्या खोळीत टाकलं आणि विसरले. महिना झाला, जर्मनीला काही गेलं नाही, तेव्हा सेतुराव रजा टाकून बसने तिरुवैयारुला गेले. बुवांनी त्यांना बसवून घेतलं आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दीड तास वाजवलं.

"फार उत्तम झालं," सेतुराव म्हणाले. "पण हें मी कोणत्या पाकिटांत घालूं?"

शेवटी कंटाळून बुवांनी एका कार्डावर दोनच शब्द लिहून दिले, 'समक्ष या.' सेतुराव विजयी होऊन परतले. पुढल्या थंडीत बाई तीन ट्रंका घेऊन खरंच आल्या आणि पाच महिने राहिल्या. बुवा वर्षभर सेतुरावांशी बोलले नाहीत.

पण त्यांचा खरा राग होता तो सवलतीच्या दरातल्या छापील मालावर. आमच्याकडच्या वकील मंडळींना गुलाबांचा नाद. कुणीतरी विलायतेतल्या एका बियाण्यांच्या कंपनीकडून फुकट कॅटलॉग मागवला, त्याचं पाहून दुसऱ्याने, आणि मग दर वर्षी विटेएवढाले ग्रंथ येऊ लागले. पत्राला पडतं त्याच्या निम्म्यानेही तिकीट त्यावर नसे.

"सवलत कोण दिला? त्यांचं सरकार. उदार झाले! आणि ओझं कोण वाहणार? आमचा मुत्तय्या. दुसऱ्याच्या खांद्यावर उदार व्हायला काय जातं हो?"

वकील काही कॅटलॉगला उत्तर घालणार नव्हते. तेव्हा सेतुरावांनी स्वतःच न्याय करायचं ठरवलं. देवळातल्या जोशीबुवांकडून गेल्या सालचं पंचांग आणलं, तळहातावर जोखलं, कॅटलॉगपेक्षा हलकं भरलं म्हणून त्याच्या आदल्या सालचंही जोडलं, आणि छापील मालाच्या सवलतीच्या दरात, स्वतःच्या खिशातून, कंपनीला पाठवून दिलं. आता त्यांच्या पोस्टमनने वाहावं.

दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं. ते सेतुरावांनी गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावर वाचून दाखवलं. 'आपला कॅटलॉग पोचला, आभारी आहोत. मालाच्या किमती मात्र सापडल्या नाहीत. कमीत कमी किती नग घ्यावे लागतील ते कळवावे.'

हसून आमची पोटं दुखली. सेतुरावांचा चेहरा मात्र आठ दिवसांत उतरला. कारण पत्र आलं, आता उत्तर देणं आलं. त्यांनी लिहिलं की राहुकाळ विकत मिळत नाही. कंपनीने त्याबद्दल आभार मानून नवा कॅटलॉग धाडला. यांनी पोच दिली. कंपनीने पोचेची पोच दिली. असं सहा महिने चाललं. सेतुरावांची झोप उडाली.

या सगळ्याला शेवटी एका प्रश्नाने पूर्णविराम दिला, आणि तो प्रश्न विचारला अंबाअक्काने.

अंबाअक्का ही सेतुरावांची थोरली बहीण. आमच्या शेजारच्या त्यांच्याच घरात राहायची. सेतुरावांची बायको लवकर वारली होती, मूलबाळ नव्हतं. घर अक्काच्या ताब्यात होतं आणि सेतुरावही. ती वाटलेल्या डाळीचं डांगर कालवत म्हणाली, "सेतू, शेवटलं पत्र कोणाचं, तें तुझ्या नियमांत लिहिलं आहे कां?"

 अक्काने कंपनीचा शेवटचा कॅटलॉग उचलला, पानं फाडली आणि लोणच्याच्या बरण्यांखाली पसरली. सेतुराव दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पण कंपनीलाही त्यांनी पुन्हा लिहिलं नाही.

अक्काला हा प्रश्न उगाच सुचला नव्हता. सगळ्या गावाला उत्तरं घालायला लावणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात परदेशी पत्रं येत होती आणि त्यांना उत्तर जात नव्हतं.

अक्काचे यजमान नारायणराव. युद्धाच्या आधी एका सकाळी, "कुंभकोणमहून पितळेचे डबरे आणतो," असं सांगून घरून निघाले. डबरा म्हणजे कॉफी गार करायची पसरट वाटी. अक्काने सहा सांगितले होते. नारायणराव त्याच पावली नागपट्टणला गेले आणि बोटीने मलायातल्या पिनांगला पोचले. कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं. त्यांना जग बघायचं होतं आणि बायकोला सांगायचं धैर्य नव्हतं, एवढंच. त्यानंतर सात वर्षं काही कळलं नाही. मग पहिलं पत्र आलं, आणि पुढे दर पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, एक येऊ लागलं. अक्का ते घेऊन माजघरात जायची, एकटीच वाचायची आणि तांदळाच्या पिपामागे ठेवून द्यायची.

भाऊ-बहिणीचा वाद मी आमच्या परसातून कितीदा तरी ऐकला आहे.

"अक्का, नऊ पत्रं झालीं. नऊ वेळां मुत्तय्या—"

"सात वर्षं तो मनुष्य एक ओळ घातला नाही, तेव्हां तुझा मुत्तय्या कुठें होता?"

"अग, मध्यें युद्ध होतं!"

"युद्ध मज सांगून गेलं होतं कां? तो तरी सांगून गेला कां? तूं पोस्टांत साहेब. घरांत पाय पूस आणि जेवायला बस."

सेतुराव पाय पुसून जेवायला बसत. अक्कापुढे त्यांचं काही चालत नसे, पण या एका गोष्टीने ते आतून खजील असत. एकदा ते माझ्यापाशी बोलून गेले, "सांगलीबाई, लोकांच्या दारास जातों ना, तेव्हां वाटतं, कोणी तरी मज विचारेल, तुमच्या घरचं काय म्हणून." कुणी विचारलं नाही कधी. गल्लीला सगळं माहीत होतं आणि गल्लीचा त्यांच्यावर जीव होता.

बारावं पत्र आलंच नाही. पोंगल गेला, चैत्र उलटला.  मुत्तय्याच्या यायच्या वेळेला अक्काला ओट्यावरच तांदूळ निवडायचे असत. दुसरा पोंगलही तसाच कोरडा गेला. सेतुराव त्या दिवसांत घरी नियमाचं नावही काढत नव्हते. मुत्तय्या आमच्या गल्लीत शिरताना मान खाली घालून शिरायचा, जणू दोष त्याचाच.

मग एका दुपारी अक्का जरीकाठी लुगडं नेसून माझ्याकडे आली. "चल," म्हणाली, "पोस्टास." तिच्या हातात जाड पाकीट होतं. आत तिने स्वतः लिहिलेले कागद होते. भाषा आपली मराठी, पण अक्षरं तमिळ, कारण तंजावूरच्या बहुतेक मराठी लोकांना तीच येतात. मला तेव्हा तमिळ वाचता येत नव्हतं, त्यामुळे आत काय होतं हे मला आजतागायत माहीत नाही. आठ पानं होती एवढं दिसलं.

सेतुरावांच्या खिडकीपुढे रांग होती. अक्का रांगेत उभी राहिली. तिची पाळी आली. सेतुरावांनी मान वर केली, बहिणीला पाहिलं, पाकिटावरचं नाव वाचलं आणि चष्मा काढून पुसला. मला वाटलं आता हा माणूस रडणार. पण तो खिडकीवर बसला होता.

"पाठविणाऱ्याचा पत्ता कुठें?" ते म्हणाले.

"त्यांस ठाऊक आहे."

"त्यांस असेल. पोस्टास नाही. मागें नांव-पत्ता नसेल तर मी घेणार नाही."

"सेतू!"

"रांग खोळंबली आहे. तिकडच्या टेबलावर शाई-टांक आहे."

अक्का तरातरा टेबलाशी गेली आणि इतकं दाबून पत्ता लिहिला की टाकाचं टोक वाकलं. सेतुरावांनी पाकीट तराजूत न घालताच तळहातावर घेतलं. बराच वेळ घेतलं. मग तिकिटं लावली आणि अंगठा ठेवून पाच म्हटले. मी ओठांकडे पाहत होते. त्यांना तीनदा पुन्हा एकपासून सुरुवात करावी लागली, आणि तेव्हा कुणी मध्ये बोललं नव्हतं.

त्या पावसाळ्यात सेतुराव निवृत्त झाले. आता तेही बहिणीशेजारी ओट्यावर बसून मुत्तय्याची वाट पाहू लागले. तांदूळ इतके निवडले जात की तेवढे त्या घरात कोण खाणार, असा मला प्रश्न पडे.

तीन महिन्यांनी मुत्तय्या आला तो न थांबता आमच्या दारापर्यंत पुढे गेला आणि मग परत फिरून त्यांच्या ओट्यापाशी आला. त्याने पाकीट दिलं. अक्काचंच होतं ते. परत आलं होतं.

अक्का पाकिटाकडे पाहतच राहिली. एकाएकी ती मला फार म्हातारी दिसली. मी उठून गेले. अशा वेळी शेजारणीने काय करायचं असतं हे सांगलीतही कुणी शिकवलं नव्हतं. मी नुसती तिच्याजवळ बसले.

सेतुरावांनी पाकीट घेतलं आणि उन्हाला धरलं. त्याच्यावर शिक्केच शिक्के होते आणि मधल्या जागेत पेन्सिलीने इंग्रजीत बारीक लिहिलेलं होतं. ते त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, प्रत्येक ओळ आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत.

"ह्या पत्त्यावर नाहीत. खाली तारीख. मग, इस्पितळांत आहेत म्हणून कळलं, तिथें गेलों. मग, इस्पितळांतून बरे होऊन गेले. मग, कोविलांत, तिकडच्या देवळांत, चौकशी केलों. अक्का, एकच मनुष्य आहे हा! अक्षर बघ, एकच. चार दिवस तीन ठिकाणीं चालला आहे." त्यांचा आवाज चढला. "आणि शेवटीं. बोटीनें नागपट्टणला गेले. पाठविणाऱ्यास परत करावें."

"अजून एक ओळ आहे," मी म्हटलं. ती अगदी कडेला होती.

सेतुरावांनी ती वाचली आणि इंग्रजीतून आपल्या भाषेत आणायला त्यांना वेळ लागला. "हा मनुष्य या पत्रासाठीं मज रोज विचारत असे."

अक्काने पदर तोंडाला लावला.

सेतुराव मात्र पाकीट हातात धरून नुसते बसले होते. "परत पाठवायला पैसे घेत नाहीत ते," ते हळू म्हणाले. "तिकीट आपलं होतं, मुत्तय्या. पाय त्याचे."

मुत्तय्याला मराठी येत नव्हती, पण आपलं नाव ऐकून त्याने मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सेतुराव कुंभकोणमच्या पलीकडे, आयुष्यात पहिल्यांदा, नागपट्टणला गेले. तिथल्या पोस्टात जाऊन त्यांनी सगळ्या पोस्टमनना उभं करून विचारलं, पिनांगहून आलेला, तंजावूरचा, मराठी बोलणारा कुणी माहीत आहे का? कुणालाच माहीत नव्हता. ज्याला पत्र येत नाही, त्याला पोस्टमन ओळखणार कसा? शेवटी बंदरावरचा पोस्टमन म्हणाला, "तांदळाच्या गिरणीत एक म्हातारा कारकून आहे. रोज मला थांबवून विचारतो, काही आहे का? आजवर त्याचं काहीच आलेलं नाही. त्याचा पत्ता कुणाकडे आहे असंही वाटत नाही. पण विचारतो."

पिनांगात बारा वर्षं विचारायची सवय लागली होती, ती नागपट्टणला सुटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी सेतुरावांची छत्री दिसली. मागे एक गोरटेले, वाकलेले गृहस्थ. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात सुतळीने बांधलेलं पुडकं. गाडी कुंभकोणमला थांबली तेव्हा नारायणराव खाली उतरून बाजाराकडे चालू लागले, ते पाहून भावजी पुन्हा पळून चालले असं वाटून सेतुराव ओरडत मागे धावले म्हणे. गाडी चुकली. दोघे पुढच्या गाडीने आले.

अक्का दारात उभी होती. नारायणरावांनी पुडकं तिच्यापुढे ठेवलं. तिने सुतळी सोडली. पितळेचे डबरे. तिने एकेक वाजवून पाहिला.

"सहा सांगितले होते," ती म्हणाली.

"सहाच आहेत," नारायणराव म्हणाले.  "मी नागपट्टणला पाच महिने आहें, अंबा. पण उत्तर आलं नव्हतं. मग यावं कसं?"

अक्का आत गेली. पिपामागून पाकीट काढून घेऊन आली, ते त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाली, "तुमचं टपाल आलं आहे." आणि कॉफी करायला निघून गेली. नारायणरावांनी ती आठ पानं ओट्याच्या टोकाला बसून वाचली. वाचताना मध्येच हसले, पुढे बराच वेळ डोळे पुसत होते. मी आमच्या दारातून हे सगळं पाहिलं. आत जावं असं एकदाही वाटलं नाही, याची मला थोडी लाज आहे, पण फार नाही.

आमची तंजावूरहून बदली झाली त्या आठवड्यात मी तिकिटं घ्यायला मोठ्या पोस्टात गेले होते. परदेशी टपालाच्या रांगेत, चार माणसांमागे, सेतुराव उभे होते. खिडकीच्या या बाजूला त्यांना मी प्रथमच पाहत होते. हातात पाकीट होतं, आणि ते तळहातावर जोखत होते. मी डोकावून पत्ता वाचला. खाली नारायणरावांचा पिनांगातला जुना पत्ता आणि त्याच्यावर मोठ्या, सावकाश अक्षरांत, 'या पत्त्यावर टपाल वाटणाऱ्या पोस्टमनसाहेबांस.'

त्यांची पाळी आली. खिडकीवर कुणी नवा मुलगा होता. त्याने पाकीट उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "सर, मागे तुमचा पत्ता नाही. उत्तर कुठे येणार?"

"उत्तर नको," सेतुराव म्हणाले. "हेंच उत्तर आहे."

आणि त्यांनी तिकिटावर अंगठा ठेवला, पाच म्हणायला.